दोन विहिणी आणि एक कालवा

७ सप्टेंबर

विहीणबाईंना,

पत्रास कारण, फोन. परवा आपण बराच वेळ बोललो. मी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणाले, तुम्ही 'छे, तुम्ही म्हणाल तसं' म्हणालात, मग दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला. ठरलं काय, तर गुडघे. कागदावर माणसाला इतकं सौजन्य परवडत नाही, हात दुखतो. म्हणून लिहिते आहे.

तुमचे चिरंजीव आणि माझी लेक यांच्या लग्नाला यंदा दहा वर्षं झाली, आणि त्याची शिक्षा त्यांनी आपल्याला द्यायचं ठरवलं आहे. दोन्ही आयांना एका जहाजावर, एका खोलीत बसवून समुद्रात सोडायचं. लेक म्हणते, भेट आहे. माझा जन्म हॉस्पिटलात गेला, मेट्रन होऊन बाहेर पडले. दोन कुरकुरे पेशंट एका खोलीत ठेवले की उरलेल्या वॉर्डाला शांत झोप लागते, हे मला कोणी शिकवायला नको.

माहितीची पुस्तिका तुम्हालाही आली असेल. तिच्यातली सगळी माणसं पांढऱ्या केसांची आणि त्याहून पांढऱ्या दातांची आहेत, आणि काकडीच्या फोडींकडे बघून हसताहेत. काकडीत हसण्यासारखं काय असतं ते जहाजावर कळेल.

सफरी दोन आहेत. दोन्ही जहाजं एकाच दिवशी, एकाच धक्क्यावरून सुटतात. पुढे दोन समुद्रांना जोडणारा तो कालवा. मधली जमीन उंच, म्हणून जहाज तिथे पायऱ्या चढतं. म्हणजे सिमेंटच्या एका अवाढव्य हौदात शिरतं, मागचं दार बंद होतं, हौदात पाणी भरतं, जहाज वर येतं, पुढचं दार उघडतं, की पुढचा हौद. असं करत करत वरच्या तळ्यात. अर्ध्या सफरीचं जहाज तळ्यात थांबतं, छोट्या बोटींतून इकडचं तिकडचं दाखवतं आणि आल्या पायऱ्या उतरून, जिथून आपल्याला उचललं तिथेच आणून सोडतं. पूर्ण सफरीचं जहाज तळं ओलांडून पलीकडच्या पायऱ्या उतरतं आणि दुसऱ्या समुद्रातून जात पार त्या टोकाच्या बंदरात संपतं. त्या टोकाला कोण राहतं ते सांगायला नको. आपलीच मुलं.

माझं मत स्पष्ट आहे. अर्धं काही करू नये. बरं वाटलं म्हणून गोळ्यांचा कोर्स मधेच सोडणारे पेशंट पुढच्या महिन्यात परत यायचे, दुप्पट आजारी होऊन. पायऱ्या चढायच्या, तळ्यात नाक बुडवायचं आणि मागे फिरायचं, याला सफर नाही म्हणत, राउंड म्हणतात. शिवाय पलीकडे मुलं भेटतील, नात भेटेल.

अर्थात तुम्ही म्हणाल तसं. (बघा, कागदावरही सुटत नाही.)

तिकीटवाल्याने दोन्ही जहाजांवर आपल्यासाठी जागा धरून ठेवली आहे, पण महिनाअखेरपर्यंतच. उत्तराला उशीर नको.

निवृत्त, पण नाइलाजाने,
मेट्रन


१५ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर इतकं सरळ की मी ओळींखाली पट्टीची खूण शोधत होते. माझं तसं नाही. मशीनवर हात सरळ चालतो, कागदावर उसवतो.

दुकानात बसून लिहिते आहे. समोरचा न्हावी स्वतःच्याच आरशात बघत गिऱ्हाइकाची वाट पाहतोय, माझ्यापुढे शाळेच्या गणवेशांचा ढीग आहे, आणि एक बाई कोटाची बटणं 'आत्ता लगेच' लावून हवीत म्हणून मघापासून आत्ता लगेच बसून आहे. बसू दे. विहिणीचं पत्र आधी.

तुमचं गोळ्यांचं खरं असेल, पण माझ्या धंद्यात किंमत अर्ध्यालाच आहे. मी आजवर एकही कोट एका दमात पुरा केला नाही. आधी कच्चे टाके, मग गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवायचा, बाही कुठे ओढते, पाठीत कुठे फुगतं ते बघायचं, आणि मग पक्की शिलाई. ज्यांना घाई असते, जे थेट पक्कंच मागतात, ते समारंभात दोन्ही हात अंगाला चिकटवून उभे असतात. वर केला की काखेत फाटतो. अर्धी सफर म्हणजे कच्चा टाका. जमलं नाही तर ओढून काढता येतो.

इथपर्यंत लिहून पत्र बंद करणार होते. पण कागदावर सौजन्य परवडत नाही असं तुम्हीच म्हणालात, तर खरं लिहिते. मला कालव्याची भीती नाही. मला त्या टोकाची भीती आहे.

चिरंजीवांना विचारलं, पूर्ण सफर केली तर मी परत कशी येणार? तो म्हणाला, "आई, तू ये तर खरी, परतीचं मग बघू." हे 'बघू' मी ओळखते. लहानपणी त्याने सायकल मागितली की हेच उत्तर मी त्याला द्यायचे. नव्या घरात गेल्यापासून त्याचं एकच पालुपद: दुकान बंद कर, डोळे जातील, इकडे ये, तुझी खोली तयार आहे. मुलगा चांगला आहे हो. वाईट असता तर सोपं होतं, भांडले असते. हा मायेने बोलतो, आणि मायेला उत्तर नसतं. एकदा त्या बंदरावर उतरले की तो माझी पेटी उचलणार, आणि मी ती परत मागेपर्यंत इकडे दुकानाला कुलूप लागलेलं असणार. तिकडे मी करू काय? त्यांच्याकडे कपडा फाटला की टाकून देतात.

म्हणून अर्धी. जिथून उचललं तिथे आणून सोडणारं जहाज मला विश्वासाचं वाटतं.

बाईंनी आता घड्याळाकडे बघून खोकायला सुरुवात केली आहे.

तुमची,
टेलरबाई


२४ सप्टेंबर

विहीणबाई,

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा राग आला.

ज्या आईला मुलगा मायेने बोलावतो ती पळायला वाट शोधते, याला काय म्हणावं? माझ्या वॉर्डात भेटीच्या वेळेआधीच केस विंचरून, चादर सारखी करून दाराकडे तोंड करून बसणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. वेळ संपायची, कोणी आलेलं नसायचं. मग मी जाऊन सांगायचे, आज रस्त्यात गर्दी फार आहे म्हणे. त्या म्हणायच्या, हो ना. दोघींनाही ठाऊक असायचं. तुम्हाला बोलावणं आहे आणि तुम्ही काखेत फाटण्याच्या गोष्टी करता.

आणि ज्या खोलीला घाबरता ती तुम्ही पाहिलेली नाही. मी पाहिली आहे, गेल्या वर्षी पंधरवडाभर गेले होते तेव्हा. पूर्वेला खिडकी, निळे पडदे, उशाशी दिवा, रिकामं कपाट. लेकीने दारातूनच दाखवली, म्हणाली, "ही आईंची." मी म्हटलं, छान आहे. माझी सोय हॉलमधल्या सोफ्यावर होती. सोफा उत्तम आहे. मी जरा उंच, त्यामुळे पाय बाहेर येतात, पण रात्रपाळ्या केलेली बाई पाय कुठे आहेत ते बघत बसत नाही. सकाळी सगळे उठायच्या आत पांघरुणाची घडी केली, उशी कपाटात टाकली, की हॉल पुन्हा हॉल. जावयांची सकाळी धावपळ असते, आपण मधे नको.

नातीने एकदा विचारलं, बंद खोलीत कोण राहतं? लेक म्हणाली, आजी. पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दुसरी आजी.

तर वेडेपणा पुरे. पूर्ण सफर, आणि त्या टोकाला तुम्ही तुमच्या खोलीत. माझं मत बदलणार नाही.

मेट्रन

ता. क. फोनवर म्हणालात तसं गुडघ्याला तेल चोळून काही होत नाही. न्हाव्याचं ऐकू नका.


२९ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. शर्ट उसवला. पत्र उसवता येत नाही.

वाद पुरे. तिकीटवाल्याशी बोलून टाकलं आहे. काय बोलले ते बंदरावर कळेल, तोवर तोंड उघडायचं नाही अशी त्याला ताकीद दिली आहे. मुलांनाही त्याने तारीख तेवढी कळवायची.

जहाजावर गार वारं असतं म्हणतात. अस्तराचं काहीतरी घ्या, तुमच्या मापाचं शिवून ठेवलं आहे, धक्क्यावर देते.

टेलरबाई


३० सप्टेंबर

विहीणबाई,

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते. तिकीटवाल्याला फोन करून काय ते सांगितलं, आणि वर बजावलं, विहीणबाईंना एक अक्षर कळता कामा नये. तो 'बरं' म्हणाला आणि हसला. त्यात हसण्यासारखं काय होतं? हल्लीची पोरं काकडीलाही हसतात.

माझं मत बदलणार नाही असं मी लिहिलं होतं. मत बदललेलं नाही. एवढंच.

मेट्रन


१७ नोव्हेंबर, जहाजावरून

विहीणबाई,

धक्क्यावर तुमच्या बाजूने काय दिसलं ते तुम्ही लिहा. माझ्या बाजूने असं दिसलं. मनगटाला त्यांनी पिवळी पट्टी बांधली, ॲडमिट करताना बांधतात तशी. मनात म्हटलं, आले माहेरी. वळून बघते तर तुम्ही पलीकडच्या रांगेत, हाताला हिरवी पट्टी, चेहरा सुई हरवल्यासारखा. मी ओरडले, तुमची रांग चुकली. तुम्ही ओरडलात, तुमची चुकली. आणि मग आपण दोघींनी एकदमच एकमेकींच्या पट्ट्यांकडे पाहिलं.

मी त्याला सांगितलं होतं, मला अर्धीवर घाला, विहीणबाईंना तीच हवी आहे. तुम्ही सांगितलं होतं, मला पूर्णवर घाला, विहीणबाईंना तीच हवी आहे. दोघींनी दम दिला, त्यांना कळू देऊ नका. आणि त्याने ऐकलं. मी जन्मभर लोकांना सांगत आले की अमक्याला कळू देऊ नका. एकानेही ऐकलं नाही. ज्या एकाने ऐकलं तो हा.

धक्क्यावरून मी त्याला फोन लावून झाडला, तर शांतपणे म्हणतो, "मॅडम, तुम्ही विहिणी. मला वाटलं, वेगवेगळ्या जहाजांवरच हवं असेल." मी फोन ठेवून दिला. दोन्ही जहाजांच्या याद्या बंद झाल्या होत्या, आता बदल होणार नव्हता. तुम्ही रांगेतून हात लांबवून ते अस्तराचं जाकीट माझ्या अंगावर फेकलंत, मी झेललं, आणि माझ्या जहाजाचा भोंगा वाजला. जाकीट बेताचं बसलं आहे. काखेत ओढत नाही.

माझ्या खोलीत दोन पलंग आहेत. रोज सकाळी दोन्ही आवरते, कोपरे दुमडून, हॉस्पिटलातल्यासारखे. खोली साफ करणारी मुलगी म्हणाली, दुसऱ्या बाई कधी दिसत नाहीत. मी म्हटलं, त्या पूर्ण सफरीला गेल्या आहेत. तिने मान खाली घालून माझा हात हातात घेतला. नंतर लक्षात आलं तिला काय वाटलं ते. तुम्ही धडधाकट आहात असं सांगायला गेले तर माझ्यासाठी केकचा मोठा तुकडा घेऊन आली. मग नाही सांगितलं.

काल पायऱ्या चढलो. हौदाची भिंत इतकी जवळ की तिच्यावरचं शेवाळं नखाने खरवडता आलं असतं. पाणी कुठून येतं दिसत नाही, सलाइन लावल्यासारखं गुपचूप चढतं. थोड्या वेळाने बघावं तर पेशंट वर आलेला. तळ्यात आमचं जहाज थांबलं. खलाशी म्हणाला, पूर्ण सफरीचं जहाज मागून येईल आणि पुढे जाईल. मी वरच्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. एक भलं मोठं जहाज आलं. मी टॉवेल हलवला, पोटभर हलवला, दोनदा डोळेही पुसले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, बाई, त्यात माणसं नसतात, मोटारी असतात. मोटारींना निरोप देऊन मी चहाला गेले, आणि तेवढ्यात तुमचं जहाज गेलं.

रागावू नका, पण मजा आली. छोट्या बोटीतून बेटांभोवती फिरलो, माकडांनी आम्हाला पाहून घेतलं. आज जहाजाने तोंड फिरवलं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी मात्र पलीकडच्या दिशेला बघत होते. तिकडे तळं संपत होतं, आणि पुढे तुम्ही होतात, आणि त्याच्याही पुढे माझी लेक.

माझ्यासाठी नको त्या टोकाला निघालात. आता एवढं करा, चिरंजीवांना पेटी उचलू देऊ नका. तुम्ही परत आला नाहीत तर माझी अर्धी सफर फुकट गेली.

मेट्रन


४ डिसेंबर

विहीणबाई,

तुमचं पत्र माझ्या मागून इथे पोचलं. तोवर पेटी उचलून झाली होती.

आधी कालवा. तुम्ही चढलात, मी चढले आणि उतरलेही. उतरताना जहाज खाली जातंय असं वाटतच नाही. भिंतीच उठून उभ्या राहतात. पण मला आवडली ती काठावरची इंजिनं. दोन्ही बाजूंना रुळांवरून छोटी इंजिनं चालतात आणि जहाजाला दोरांनी धरून ठेवतात, भिंतीला घासू नये म्हणून. कापड सुईखाली सरकवताना आम्ही दोन्ही हात असेच ठेवतो. ओढायचं नाही, ढकलायचं नाही, नुसतं सरळ राहू द्यायचं. मी सबंध वेळ त्यांच्याकडेच बघत होते. शेजारच्या बाई फोटो काढत होत्या; कालव्याचे नव्हे, स्वतःचे.

बंदरावर सगळे आले होते. चिरंजीवांनी पेटी उचलली ती थेट खोलीत नेऊन ठेवली. खोली तुम्ही लिहिलीत तशीच आहे, फक्त पडद्यांची खालची दुमड वाकडी आहे हे तुम्हाला दारातून दिसलं नसेल. आणि खिडकीशी एक नवी कोरी शिवणयंत्राची पेटी, लाल फीत बांधलेली. चिरंजीव दारात उभे, लहानपणी निकाल दाखवताना उभे राहायचे तसे. मला वाटलं होतं, भांडायला काहीतरी मिळेल. मिळाली माया, तीही वॉरंटीसकट.

खोटं कशाला बोलू, मी बसले. चालवून पाहिलं. मशीन अप्रतिम आहे, आवाज म्हणून नाही. थोडे दिवस मनात आलंही, राहिलं तर काय बिघडलं? सूनबाईंच्या कोटाचं बटण लावलं. नातीच्या बाहुलीला झगा शिवला, मग बाहुलीच्या मैत्रिणीला. मग संपलं. एका दुपारी त्या मशीनवर हात ठेवून बसले होते, आणि मला त्या 'आत्ता लगेच'वाल्या बाईची आठवण आली. तिच्या खोकल्याचीसुद्धा. म्हटलं, आता माझं काही खरं नाही.

त्याच संध्याकाळी जेवताना चिरंजीव सहज म्हणाले, समोरच्या न्हाव्याशी बोललोय, तो तुझं दुकान घ्यायला तयार आहे, आणखी दोन खुर्च्या टाकेल. सहज हं. मीठ दे म्हणावं तसं. मी आवाज चढवला नाही. त्याला सांगितलं की तुझ्या मनात वाईट नाही हे मला कळतं, पण ज्या दिवशी ते दुकान न्हाव्याचं होईल त्या दिवसापासून मी आजारी पडेन, आणि मला पाहायला तू सुट्टी काढशील, आणि आपण दोघं एकमेकांवर उपकार करत बसू. सकाळी दुकान उघडायला कोणीतरी माझी वाट बघतं, म्हणून मी उठते. तुझ्याकडे सगळे माझ्या आधी उठून निघून गेलेले असतात.

तो बराच वेळ भात चिवडत होता. मग म्हणाला, "मग ही खोली मी केली कोणासाठी?"

मी म्हटलं, "ज्यांचे पाय सोफ्याबाहेर येतात त्यांच्यासाठी."

त्याला कळलंच नाही. घरात कोणाचे पाय कुठे येतात हे पुरुषांना कळत नाही, त्यांना पाय स्वतःचे तेवढे असतात. सूनबाईंना कळलं. उठल्या, हॉलमधल्या कपाटातून एक उशी काढली, खोलीत नेऊन पलंगावर ठेवली, आणि परत येऊन जेवायला बसल्या.

चिरंजीवांनी मान वळवून खोलीतल्या त्या उशीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "पण आई, त्यांना इथे आवडत नाही. पंधरवडा झाला की दर वेळी म्हणतात, घरी कामं पडली आहेत." मी विचारलं, तू कधी थांबा म्हणालास का? नव्हता म्हणाला. त्याला वाटत होतं, तुम्हाला कंटाळा येतो. तुम्हाला वाटत होतं, त्यांना अडचण होते. आणि तुमची लेक मधल्या मधे दोघांना चहा देत होती. बाहेरच्या माणसाला वाटेल, केवढं हे समजूतदार घर.

दोन दिवस रुसून बसला, आणि मग न सांगता माझं परतीचं तिकीट काढून आणलं. मशीन मी घेऊन जातेय. मायेला उत्तर नसतं, पण पावती देता येते.

तेव्हा मेट्रन, खोली तुमची. मी दिलेली नाही, मी कधी घेतलीच नव्हती. जावई फोन करतील. त्यांना 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणू नका, खरं काय ते बोला.

टेलरबाई


१२ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं नकाराचं पत्र मिळालं. 'सासूने जावयाच्या घरी पाहुणीसारखं यावं आणि पाहुणीसारखं जावं.' वाक्य चांगलं आहे, न्हाव्याच्या भिंतीवर लावण्यासारखं. माझं दुकान हातचं गेल्यापासून तो बिचारा जरा उदास आहे.

लोक काय म्हणतील असं विचारता. कोण लोक? तुमच्या जिन्यात गप्पा मारत बसणाऱ्या त्या दोघी शेजारणी? त्या आत्ता काय म्हणतात ते ऐकलंय का कधी? माझ्या दुकानात सगळ्या गावाच्या कपड्यांबरोबर सगळ्या गावाची तोंडंही येतात. लोक काहीही शिवून घेतात.

आणि जावयांनी फोन केला, पण औपचारिक वाटला, असं लिहिता. विहीणबाई, तो तुम्हाला घाबरतो. लग्नाआधी तुम्ही त्याची नाडी पाहिली होती, ते तो अजून विसरलेला नाही.

अर्धं काही करू नये, हे तुमचं म्हणणं. दर वर्षी पंधरवड्याचा कोर्स घेता, बरं वाटतं, मधेच सोडून परत येता, आणि मग वर्षभर दाराकडे तोंड करून बसता. मला रस्त्यातल्या गर्दीचं कारण सांगू नका. मी डॉक्टर नाही, पण एवढं कळतं.

माझं म्हणाल तर नव्या मशीनवर गणवेश भराभर निघताहेत. डोळे तपासून घेतले, चष्मा बदलला. चिरंजीवांचं अगदीच चूक नव्हतं. हे त्यांना कळवू नका, आणि या वेळी खरंच कळवू नका.

टेलरबाई


२८ मार्च

विहीणबाई,

तुमचं ऐकून इथे लेकीकडे येऊन आता बरेच दिवस झाले आणि तुम्हाला सविस्तर लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. सगळं छान होतं. हीच तर अडचण होती.

जावई आणायला आले होते. वाटेत पाठ करत आले असावेत, कारण बॅग घेण्याच्याही आधी घाईघाईने म्हणाले, "आई, खोली तुमची आहे, तुम्ही म्हणाल तोपर्यंत." मग दोघंही लाल झालो आणि गाडी कुठे लावली आहे ते शोधायला लागलो. खोलीत आले. कपाट लावलं. पूर्वेचं ऊन सकाळी पलंगापर्यंत येतं. पण सवय कुठे जाते? मी सगळ्यांच्या आधी उठायचे, पांघरूण घडी करून पायथ्याशी, कप आवाज न करता ठेवायचा, भाजी कशी झाली म्हटलं की उत्तम. लेक म्हणायची, आई, आराम कर. मी आराम करायचे. पाहुणी म्हणून मला कोणीही पैकीच्या पैकी गुण दिले असते.

परवा नातीला खोकला झाला. लेकीने औषध काढलं, मी बाटली उलटी करून तारीख वाचली. मग मला आवरलं नाही. अख्खं औषधाचं कपाट जमिनीवर काढलं, निम्म्या बाटल्या मोरीत ओतल्या, खिडक्या उघडल्या, नातीच्या खोलीतला गालिचा बाहेर टाकला. लेक कामावरून आली आणि दारातच थांबली. म्हणाली, "आई, हे हॉस्पिटल नाही." मी म्हटलं, "हॉस्पिटल असतं तर इतकी धूळ नसती." मग ती जे सुटली ते माझ्या जुन्या नाइट ड्यूट्यांपर्यंत पोचली. मी तिच्या अकरावीच्या मार्कांपर्यंत. जावई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले. पिशवी रिकामी होती. नात खोकायचं विसरून दोघींकडे आळीपाळीने बघत होती, आणि तिला इतकं मजेत मी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी मी खोलीत आले आणि दार आपटलं. चांगलं जोरात, खिडकीची काच वाजली. विहीणबाई, आजवर मी या घरात एक चमचा खाली पडू दिला नव्हता. सोफ्याला आपटायला दार नसतं. पलंगावर बसले. आधी वाटलं राग, पण मी राग ओळखते, तो हा नव्हता.

बाहेर जावई परत आल्याचं कळलं. हळूच विचारत होते, जाऊन समजूत घालू का? लेक म्हणाली, "काही नको. आईचं असंच असतं."

थोड्या वेळाने जेवायला हाक आली. मी लगेच गेले नाही. पाय लांब करून पडून राहिले, आणि त्यांना दुसऱ्यांदा हाक मारायला लावली.

मेट्रन